सातपुड्याच्या निवांत वाटांवर

नागपूरहून दिल्लीकडे निघालेली आगगाडी बैतूल मागे टाकून मरामझिरी ते धाराखोह हा घाट उतरू लागली की, खिडकीबाहेर थोडा वेळ निराळीच सृष्टी दिसते. सागाची उंच झाडे, खोल दरीतील ओढ्याचे खडक, क्षणभर अंधार करून जाणारा बोगदा आणि पुन्हा रान. पाहता पाहता इटारसीचे रूळ पसरू लागतात आणि प्रवासी चहाच्या तयारीला लागतात. मुंबईकडून भुसावळ-खांडव्याच्या मार्गाने उत्तरेस जाणाऱ्यांना तर एवढेही दर्शन घडत नाही. कारण ती वाट बऱ्हाणपूरजवळच्या रुंद खिंडीतून जाते. इंदूर, भोपाळ, जबलपूर, दिल्ली येथे स्थायिक झालेली हजारो मराठी कुटुंबे वर्षातून एकदोनदा सातपुडा ओलांडतात. परंतु ज्या पर्वताने महाराष्ट्राची उत्तर सीमा आखली, त्याची व आपली ओळख खिडकीपुरतीच राहते.

पर्वताची खरी ओळख व्हावयाची तर गती कमी करावी लागते. पायी चालणे सर्वांत उत्तम, पण दोनतीनशे किलोमीटरांचा प्रदेश पायी पाहण्याइतकी सवड संसारी माणसाला क्वचितच मिळते. मोटारीने तो एका दिवसात पाहून होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही जातो. या दोहोंच्या मधले वाहन म्हणजे सायकल. सातपुड्यात सायकलने हिंडण्याजोगे अनेक निवांत रस्ते आहेत. त्यांपैकी तिहींचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. त्याचबरोबर हा निवांतपणा कशामुळे टिकून आहे आणि तो टिकावा म्हणून जाणाऱ्याने कसे वागावे, याचाही विचार करावयाचा आहे.

रस्ता निवांत का राहतो?

सातपुड्याची रांग पश्चिमेस गुजरातच्या सीमेपासून पूर्वेस मैकल पर्वतातील अमरकंटकाच्या दिशेने पसरली आहे. उत्तरेस नर्मदा, दक्षिणेस तापी आणि मध्ये हा पर्वत. मुलताईस उगम पावणारी तापी पश्चिमेकडे अरबी समुद्राला मिळते. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा प्राणहिता-गोदावरीच्या रूपाने बंगालच्या उपसागराला जाते. एकाच पर्वताच्या अंगावर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन समुद्रांत वाटला जातो.

असा आडवा पर्वत ओलांडताना मोठ्या रहदारीने सोपे मार्ग तेवढे निवडले. बऱ्हाणपूरची खिंड हा त्यांतील सर्वांत जुना. तिच्यावर नजर ठेवणाऱ्या असीरगड किल्ल्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत असत, ते याचमुळे. दुसरा मार्ग बैतूलचा आणि तिसरा सिवनीवरून नागपूरला उतरणारा. अवजड मालमोटारी, रात्रीच्या आरामगाड्या, घाईचे प्रवासी हे सारे या मार्गांनी जातात. उरलेले रस्ते एखाद्या डोंगरमाथ्यावरील गावाला, जत्रेच्या ठिकाणाला, नाहीतर रानातील दहा-वीस वस्त्यांना जोडण्यासाठी झाले. त्यांनी गेल्याने कोणाचाही दूरचा प्रवास लवकर होत नाही. म्हणून ज्याला घाई आहे तो तिकडे फिरकतच नाही. सायकलस्वाराने नकाशा पाहताना ही एवढी खूण ध्यानात ठेवली, तर कोणत्याही प्रांतात त्याला आपल्यापुरता निवांत रस्ता सापडेल.

पहिली वाट : शहादा ते तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा हे तापीच्या खोऱ्यातील सुपीक जमिनीचे गाव. येथून तोरणमाळ सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. निम्मी वाट शेतांमधून, जवळजवळ सपाटीने जाते. पुढे टेकड्या जवळ येतात आणि रस्ता अरुंद होऊन वळणावळणाने चढू लागतो. या घाटाला सात पायरी म्हणतात. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे शहाद्याहून निघालेला सायकलस्वार एका दिवसात जवळजवळ एक हजार मीटर वर चढतो. प्रस्तुत तिन्ही वाटांत ही चढण्यास सर्वांत कठीण, म्हणून नवशिक्याने येथून आरंभ करू नये.

माथ्यावर यशवंत तलाव आहे, सीताखाईची दरी आहे, गोरखनाथाचे मंदिर आहे. महाशिवरात्रीस येथे महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतून यात्रेकरू येतात. तेवढे दिवस वगळले, तर रस्त्यावर भेटतात ती मुख्यतः भिल्ल आणि पावरा समाजाची माणसे : बाजाराला निघालेली, गुरे वळणारी, मोळी घेऊन उतरणारी.

या भागाशी पक्षिशास्त्रातील एक हृद्य घटना निगडित आहे. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांना ठाऊक झाले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीलायक नमुना मिळाला नाही आणि तो पक्षी नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. पुढे १९९७ साली शहाद्याच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी तो जिवंत आढळला. एकशे तेरा वर्षे तो पक्षी याच झाडीत राहत होता. गावकऱ्यांच्या घुबडांत त्याचीही गणना होत होती. फक्त शास्त्राच्या वहीत त्याची नोंद नव्हती. दिवसाउजेडीही वावरणारा हा पक्षी आता मेळघाटातही चांगल्या संख्येने आढळतो, आणि आपली पुढची वाट तिकडेच जाते.

दुसरी वाट : परतवाडा, चिखलदरा आणि मेळघाट

अमरावतीहून सुमारे बावन्न किलोमीटरांवर परतवाडा आहे. सागवानाच्या व्यापाराबद्दल हे गाव विदर्भात प्रसिद्ध आहे. येथून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर पडते. परतवाड्याची उंची पावणेचारशे मीटरांच्या जवळपास आणि चिखलदऱ्याची १११८ मीटर. तेव्हा चढ साडेसातशे मीटरांचा झाला. हवा दर हजार मीटरांस साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते. या हिशेबाने माथ्यावरची हवा पायथ्यापेक्षा चार ते पाच अंशांनी निवलेली असते, आणि हा फरक शेवटच्या काही वळणांवर कपाळावरच्या घामाला प्रत्यक्ष जाणवतो.

चिखलदऱ्याचा संबंध लोकपरंपरेने कीचकवधाशी जोडला आहे. महाराष्ट्रात कॉफीची झाडे दिसणारे हे विरळ ठिकाण आहे. जवळच गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने तो घेतला आणि त्यानंतर वऱ्हाडच्या इतिहासाला निराळे वळण लागले. सायकलने वर आलेल्या माणसाला या किल्ल्याच्या जागेचे महत्त्व पुस्तकाशिवाय कळते. कारण ज्या चढाने त्याचे पाय भरून आले, तोच चढ शत्रूलाही चढावा लागत होता.

मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडे उतरावे आणि तेथून हरिसालमार्गे धारणीचा रस्ता धरावा. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. नावाप्रमाणेच येथे एक डोंगर संपण्यापूर्वी दुसरा सुरू होतो. सिपना नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सोबत करते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रथम निवडलेल्या नऊ वनांत मेळघाट होते. येथील मूळचे रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मराठी-हिंदीशी नव्हे, तर छोटा नागपूरकडील मुंडारी-संथाळीशी नाते सांगणारी आहे. वन्य प्राण्यांना मोकळे रान मिळावे म्हणून मेळघाटातील काही गावांचे पुनर्वसन झाले आहे. कोरकूंच्या काही कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली, तेव्हा कोठे या रानाला ही शांतता लाभली. रस्त्याच्या कडेची झाडी पाहून आनंद मानणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे.

तिसरी वाट : छिंदवाडा, तामिया, पचमढी

नागपूरहून छिंदवाड्यापर्यंतचा रस्ता सावनेर, सौंसर आणि सिल्लेवानी घाटातून जातो. सौंसर व पांढुर्णा या भागांत मराठी घरोघर बोलली जाते; प्रदेश मध्य प्रदेशात असला, तरी बाजारात भाव मराठीत ठरतात. तथापि हा रस्ता रहदारीचा आहे. यास्तव सायकलस्वाराने छिंदवाड्यापर्यंत आगगाडीने जाणे बरे. नागपूर-छिंदवाडा ही जुनी अरुंद लोहवाट २०१५ साली बंद करून तिच्या जागी रुंद रूळ टाकण्यात आले आहेत. आगगाडीच्या सामानाच्या डब्यातून सायकल रीतसर नोंदवून नेता येते. मात्र त्याची चौकशी आधी करावी.

छिंदवाड्याहून परासियाचा कोळसा खाणींचा भाग ओलांडला की, तामियाचा रस्ता रानात शिरतो. छिंदवाडा ते तामिया हे अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर आहे. तामिया पठाराच्या काठावर वसले आहे, आणि तेथील जुन्या विश्रामगृहाच्या आवारातून दिसणारा दऱ्यांचा देखावा पाहण्यासारखा आहे. याच तालुक्यात पातालकोट आहे : चहूबाजूंनी उंच कड्यांनी वेढलेली खोल दरी आणि तिच्या तळाशी भारिया व गोंड लोकांची गावे. वनौषधींच्या ज्ञानाबद्दल हे लोक प्रसिद्ध आहेत. पातालकोटात उतरावयाचे ठरविल्यास एक दिवस निराळा राखून ठेवावा. वाटेवरचे काम म्हणून उरकू नये.

पुढे देलाखारीवरून रस्ता देनवा नदीच्या खोऱ्यात उतरतो, मटकुलीस पिपरियाकडून येणाऱ्या रस्त्याला मिळतो आणि मग पचमढीचा शेवटचा चढ सुरू होतो. तामिया ते पचमढी हे सुमारे ऐंशी किलोमीटर होतात. जबलपूर, इटारसी वा भोपाळकडील वाचकांना पिपरिया स्थानकावर उतरून थेट पचमढीचा रस्ता धरता येईल. तो सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे आणि पहिल्या अनुभवासाठी तिन्ही वाटांत सर्वांत सोयीचा आहे.

या वाटेवर दगड बदलतो, तसे झाडही बदलते. मेळघाट व तोरणमाळ काळ्या कातळाचे, तर पचमढीचे डोंगर वालुकाश्माचे. म्हणून येथील कडे तांबूस-पिवळे व नितळ उभे आहेत आणि दऱ्या अरुंद, खोल आहेत. दक्षिणेकडून आलेला साग आणि पूर्वेकडून आलेला साल यांची येथे गाठ पडते. उन्हाळ्याच्या तोंडी सागाचे रान उघडेबोडके होते. त्याच वेळी साल नव्या पालवीने झाकलेला असतो. एका वळणावर ऊन आणि पुढच्या वळणावर गर्द सावली, हा चमत्कार सायकलवरूनच अनुभवावा.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ या वनाधिकाऱ्याने १८६२ साली पचमढीस आपला तळ दिला. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. परंतु मराठी माणसाची पचमढी याहून जुनी आहे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीस चौरागडावर त्रिशूळ वाहण्यास विदर्भातून माणसे येत आली आहेत. खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजाराहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या या भाविकांना थंड हवेचे ठिकाण पाहावयाचे नसते. ते देवाच्या दारी येतात, आणि रान त्यांच्या देवाचे अंगण असते.

चढाचे गणित

डोंगर म्हटला की, सायकल चालवू इच्छिणाराही दचकतो. वास्तविक चढाचे गणित भिण्यासारखे नाही. माणूस, सायकल व सामान मिळून ९० किलो वजन धरू. हे वजन चिखलदऱ्याच्या साडेसातशे मीटरांवर उचलण्यास सुमारे १६० किलोकॅलरी एवढे काम पडते. मानवी स्नायू खाल्लेल्या अन्नातील एक-चतुर्थांशाहून थोडी कमी शक्ती अशा कामात उतरवू शकतात. उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे अन्नाच्या हिशेबात ही चढण सुमारे सातशे किलोकॅलरींची झाली. शंभर ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकरींत एवढी शक्ती असते. वाऱ्याचा अडथळा व टायरांचे घर्षण यांसाठी आणखी एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे धरले, म्हणजे हिशेब पुरा होतो. तोच रस्ता चढताना मोटारीने दोन लिटर पेट्रोल जाळले, तर त्यातील शक्ती चाळीसहून अधिक भाकरींएवढी भरते. चौघांत वाटली, तरी प्रत्येकाच्या ताटात दहापेक्षा जास्त येतात.

मुद्दा शक्तीचा नसून ती किती वेळात खर्च करावयाची, याचा आहे. साध्या सायकलला पुढे ४४ दात्यांचे व मागे १८ दात्यांचे चक्र असते. त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे सोयीचे, पण घाटात प्रत्येक फेरा जड होतो. गिअरच्या सायकलवर पुढचे व मागचे दाते सारखे करता येतात. मग एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर सरकते, पण पाय हलके फिरतात. तेव्हा घाट चढण्यासाठी सायकल निवडताना किमतीपेक्षा मागच्या मोठ्या चक्राचे दाते मोजावेत. साध्या सायकलने जाणाऱ्याने तीव्र चढावर उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही. त्या रस्त्यावरचे गावकरीही तसेच करतात.

श्वास लागला तरी सोबत्याशी एखादे वाक्य बोलता यावे, एवढ्याच गतीने चढावे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे. पुढचे गाव किती दूर आहे हे विचारून पाणी भरून घ्यावे. नदी-ओढ्याचे पाणी उकळल्याखेरीज पिऊ नये. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य व चेन सांधण्याचे हत्यार जवळ असावे. कारण या रस्त्यांवर सायकलचे दुकान तीस-चाळीस किलोमीटरांत भेटेलच, असे नाही.

उतारावर अधिक सावध

चढावर माणूस थकतो. अपघात मात्र उतारावर होतात. ताशी १५ किलोमीटरांनी जाणारी सायकल संकट दिसल्यापासून सुमारे सात मीटरांत थांबते. वेग ताशी ४० झाला, तर तेच अंतर तीस मीटरांपर्यंत जाते. घाटातील वळणावरून पुढचा रस्ता पुष्कळदा वीस मीटरच दिसतो, आणि वळणापलीकडे बैलगाडी, गुरांचा कळप वा शाळेतून परतणारी मुले असू शकतात. म्हणून आपल्याला जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल, असाच वेग ठेवावा. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक सारखे वापरावेत आणि ते दाबून धरण्याऐवजी थांबून थांबून दाबावेत. सतत दाबल्याने रिम तापते. पावसात ब्रेकचे रबर भिजलेल्या रिमवर उशिरा धरते आणि सागाची ओली पाने साबणासारखी निसटतात, हेही ध्यानात असावे. डोक्यावर शिरस्त्राण हवेच.

रानातील रीत

या वाटा जेथून जातात, तेथे वाघ, बिबटे, गवे आणि अस्वले राहतात. वाघाची भीती सर्वांना वाटते. पण जाणते गावकरी अस्वलाला अधिक वचकून असतात. त्याला दूरचे नीट दिसत नाही आणि अवचित माणूस जवळ आला, तर ते घाबरून अंगावर येते. सायकल आवाज न करता येते, हा तिचा गुण येथे दोष ठरू शकतो. यासाठी आंधळ्या वळणापूर्वी घंटी वाजवावी, दोघे-चौघे मिळून बोलत जावे, आणि सकाळी ऊन चांगले वर आल्यानंतर निघून चार वाजण्याच्या आत मुक्काम गाठावा. प्राणी दिसल्यास दूरच थांबावे, हळूहळू मागे सरावे आणि त्याला वाट मोकळी करून द्यावी. छायाचित्रासाठी पुढे जाऊ नये.

राष्ट्रीय उद्यानांच्या आतील वनरस्त्यांवर परवानगीवाचून सायकल नेणे हा गुन्हा आहे. येथे सांगितलेला प्रवास केवळ सार्वजनिक रस्त्यांचा आहे. नाक्यांवरील वेळा व नियम ऋतूप्रमाणे बदलतात. ते निघण्यापूर्वी वनखात्याकडून विचारून घ्यावेत. वानरांना खाऊ घालू नये. त्यांना रस्त्यावर बसण्याची सवय लागते आणि मग मोटारीखाली त्यांचे जीव जातात.

गावकऱ्यांशी वागण्याचीही एक रीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे रस्त्याच्या कडेला मोहाची फुले वेचणारी कुटुंबे दिसतात. त्या फुलांवर त्यांचे वर्षाचे मीठमिरची अवलंबून असते. ती तुडवू नयेत. न विचारता कोणाचे छायाचित्र घेऊ नये. चहा, भाकरी, केळी जे मिळेल ते गावातच विकत घ्यावे. आणि सायकलची मौज केवळ शहरातून आलेल्यालाच कळते, असा समज करून घेऊ नये. दुसऱ्या गावी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींना सायकल देण्याची योजना मध्य प्रदेशात राबविली गेली आहे. या घाटांत दप्तर पाठीला लावून जाणारी मुलगी आपल्या पुढे निघून जाईल. तिला तो रस्ता आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतो.

ऋतू आणि कुटुंब

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात रान अप्रतिम असते, पण दरडी कोसळतात आणि सुटीच्या दिवशी चिखलदरा व पचमढी मोटारींनी भरून जातात. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो. डिसेंबर-जानेवारीत पचमढीची थंडी हाडांत शिरणारी असते. उबदार कपडे हवेत. यात्रेचे व नाताळाचे दिवस टाळून आठवड्यातील मधले वार निवडावेत.

घरातील सर्वांनीच सायकल चालवावी, असा आग्रह नको. दोघांनी सायकलने यावे, बाकीच्यांनी सामान घेऊन एस.टी.ने वा मोटारीने पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था करावी. माथ्यावर पोचल्यावर मुलांनी पठारावर सायकली चालवाव्यात. दिवसाचे अंतर पहिल्या खेपेस पन्नास किलोमीटरांपेक्षा अधिक नसावे. ज्यांना हृदयविकार वा रक्तदाब आहे, त्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्याशिवाय घाट चढू नये.

वेगाची किंमत

सिवनीवरून नागपूरला उतरणारा मोठा मार्ग पेंचच्या वनातून जातो. तो रुंद करताना वन्य प्राण्यांचे येणेजाणे बंद पडेल, हा प्रश्न उभा राहिला आणि बरीच वर्षे वाद चालला. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी पूल व भुयारी वाटा बांधण्यात आल्या. त्यांपैकी सर्वांत लांब ७५० मीटरांची आहे. तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्राणी खालून जाताना टिपले गेले. वरून मालमोटारी व खालून वाघ, ही व्यवस्था आपल्या अभियंत्यांना व वन्यजीव अभ्यासकांना खचितच भूषणावह आहे. परंतु तिच्यासाठी केवढा खर्च, केवढे परिश्रम करावे लागले! वेगाने धावणाऱ्या रस्त्याखाली रानाला वाट बांधून द्यावी लागते. अरुंद, वळणाच्या, सावकाश रस्त्यावर ती बांधावी लागत नाही. सांबर दोन्ही बाजूंना पाहते आणि रस्ता ओलांडते.

डोंगरातील गावांना चांगला रस्ता हवाच. आजारी माणूस दवाखान्यात वेळेवर पोचावा, मूल शाळेत जावे, माल बाजारात जावा, यासाठी तो हवा. त्याला विरोध करण्याचा अधिकार चार दिवसांच्या पाहुण्याला नाही. पण चांगला रस्ता म्हणजे भरधाव रस्ता नव्हे. खड्डे नसलेला, गटारे व कठडे नीट असलेला आणि तरीही आपल्या वळणांनी वाहनांना आवर घालणारा रस्ता गावकरी, प्राणी व प्रवासी या तिघांच्याही सोयीचा असतो. सुटीच्या दिवशी अशा ठिकाणी शंभर मोटारी येतात, तेव्हा रस्ता रुंद करण्याची मागणी पुढे येते. त्याच शंभर मोटारींतील थोडी माणसे जरी सायकलने, एस.टी.ने वा पायी आली, तरी त्या मागणीचा जोर ओसरेल. कोणत्या वाहनाने जावे, हे ठरविताना आपण रस्त्याचे भवितव्यही थोडेफार ठरवीत असतो.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, पुढच्या हिवाळ्यात चार दिवस काढून सातपुड्याची एखादी वाट निवडावी; पिपरिया-पचमढी निवडल्यास आरंभ सोपा जाईल. सायकल घरी नसेल, तर शेजाऱ्याची मागून घ्यावी, तिचे ब्रेक व टायर कारागिराकडून तपासून घ्यावेत आणि महिनाभर रोज सकाळी दहा किलोमीटर चालविण्याचा सराव करावा. निघताना भाकरी बांधून घ्यावी आणि परतताना वाटेत कचऱ्याचा कपटाही टाकू नये. पुढल्या वर्षी त्या वाटेने कोणी दुसरे कुटुंब जाईल, तेव्हा त्यालाही ती तशीच निवांत मिळावी.